दोनदा हजार वीस

मित्रांनो, मी काचेची आहे, वीतभराहून जरा लांब आहे आणि खोटं बोलणं मला जमत नाही. तुमच्याकडे डेअरीवर दुधात सोडून पाणी घातलंय का ते बघतात ना, त्या नळीच्या घराण्यातली मी. फरक इतकाच की मला दुधात नाही, घरी केलेल्या बिअरमध्ये सोडतात. बिअर म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं असेल. मुरडा बापडे. पण ऐका, कारण माझी गोष्ट दारूपेक्षा घाईची जास्त आहे.

माझा जन्म भट्टीपुढचा. काच फुंकणाऱ्या एका बाईनं मला लांबवलं, पोटात शिशाचे छर्रे भरले, मानेत आकड्यांची कागदी पट्टी सरकवली आणि तोंड बंद केलं. मग साध्या पाण्यात सोडून पाहिलं. मी दोनदा डोलले आणि बरोबर हजारावर थांबले. ती म्हणाली, "ही चालेल." तेवढ्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

माझं काम सोपं आहे. जवाच्या गोड रसात साखर भरपूर असते, म्हणून त्यात मी वर उचलली जाते आणि हजार पन्नास वगैरे आकडा दाखवते. मग यीस्ट ती साखर खात जातं, रस पातळ होतो आणि मी दर आठवड्याला थोडी थोडी खाली उतरते. हजार दहा-अकराच्या आसपास उतरून तिथेच थांबले की समजायचं, खाणं संपलं, आता बाटल्या भरा. त्याआधी भरल्या तर उरलेली साखर यीस्ट बाटलीत बसून खातं, वायू कोंडतो आणि काचेला तो सोसवत नाही. मी स्वतः काच असल्यामुळे हे मला जरा जास्तच कळतं.

उत्तरेकडच्या हॅनकॉक नावाच्या थंड गावातल्या एका दुकानातून मला रूडी केटोलानं घरी नेलं. तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, लाकडाच्या गिरणीत कामाला. मोठ्या हातांचा आणि कमी बोलणारा. पहिल्या तीन खेपा त्यानं अगदी नेटानं केल्या. मला कोमट पाण्यानं धुवायचा, मऊ फडक्यानं पुसायचा, आकडा वहीत लिहायचा. त्याची बायको वर्ना चव घेऊन म्हणायची, "गिरणी सोड आणि हेच कर." त्या दिवसांत मला फार भाव होता.

चौथी खेप रूडीला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, तळ्याकाठच्या होळीला न्यायची होती. दिवस कमी उरले होते. त्यानं मला रसात सोडलं तेव्हा मी हजार अठरावर थांबले. तीन दिवसांनी पुन्हा बघायला हवं होतं. रूडीनं माझ्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालेल की." बाटल्या भरून त्यानं सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, कपडे काढायच्या बाकाखाली ठेवल्या.

पुढच्या शनिवारी आत शेगडी पेटली होती, दगड तापले होते. वर्ना बाकावर बसून बुटाची नाडी सोडायला वाकली आणि बाकाखालची एक बाटली फुटली. मी वरच्या फळीवर होते. बाकीचं मी सांगत नाही. तिचा डावा डोळा गेला.

रूडी नुसता उभा होता. बोलली ती वर्नाच. डोळ्यावर टॉवेल दाबून म्हणाली, "आईंना सांग, लाकूड फोडताना ढलपी उडाली." रूडीची आई शेजारच्याच घरात राहायची, चर्चमधल्या जुन्या कडक वळणाची. अंगणात बिअर बनते हे कळलं असतं तर तिनं मुलाशी बोलणं टाकलं असतं. नवऱ्याला त्यातून वाचवायला वर्ना त्या हालातही खोटं बोलली. तेव्हा त्यांची मुलगी हायडी चार वर्षांची होती. तिलाही तेच सांगितलं.

रूडीनं काचा वेचल्या, सगळं सामान पुरलं. मला मात्र त्यानं फोडलं नाही. एका लोकरी मोज्यात घालून मासे पकडायच्या गळांच्या पेटीत तळाशी ठेवून दिलं. तिथे मी चौतीस वर्षं पडून होते. म्हातारी आई वारली, हायडीचं लग्न झालं, ती नवऱ्यासह आजीच्या त्या शेजारच्या घरात राहू लागली, तिला मुलगी झाली. हे सगळं मला पेटीच्या झाकणातून ऐकू येणाऱ्या बोलण्यावरून कळलं. ढलपीची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की ती घरात खरीच होऊन बसली.

गेल्या हेमंतात हायडीनं गळ शोधताना पेटी उपसली.

"बाबा, हे काय आहे?"

रूडी कॉफी पीत होता. त्याचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "जुनं आहे काहीतरी."

"अहो, हे तर बिअरचं आहे," तिचा नवरा डेल म्हणाला. "रूडी, तुम्ही बिअर करायचात? आणि मला पत्ता नाही?"

"फार पूर्वी. हवं तर घेऊन जा," रूडी म्हणाला आणि गाडीखाली काही गळतंय का ते बघायला उठून गेला. गाडीला काही झालेलं नव्हतं. वर्ना त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

डेल मनानं चांगला माणूस. काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो. पण केटोलांसारख्या फिनिश घरातला नव्हे, त्यामुळे सासरी आपल्याला पाहुण्यासारखंच वागवतात असं त्याला वाटायचं. शिवाय ट्रकवरचे गडी चिडवायचे, "डेल, बर्फ ढकलण्यापलीकडे तुला काही येतं का रे?" त्या इरेला पेटून त्यानं सगळ्यांपुढे सांगून टाकलं की जानेवारीअखेर गावात होणाऱ्या हेइक्कीच्या हिवाळी उत्सवाला तो स्वतः केलेली दोन क्रेट बिअर आणणार. अजून जवाचा दाणाही घरात आला नव्हता आणि तारीख ठरून गेली होती. मित्रांनो, नवशिक्यांची पहिली चूक बहुतेक वेळा हीच असते.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यानं रस उकळला, गार केला, यीस्ट घातलं आणि मला सोडलं. हजार पन्नास. डेलनं माझा फोटो काढला. काचेचा मोठा बुधला तळघरात गेला, बुचावरच्या नळीतून बुडबुडे येऊ लागले आणि दोघं नवराबायको रोज खाली जाऊन तान्ह्या बाळाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघू लागली.

मग थंडी पडली. साधी नव्हे. तळघराच्या खिडकीला आतून बर्फ धरलं. बुडबुडे मंदावले आणि एके दिवशी थांबले. डेलनं टर्कीवर रस शिंपडायच्या पिचकारीनं थोडी बिअर काढली, उंच भांड्यात ओतली आणि मला सोडलं. हजार वीस. तीन दिवसांनी पुन्हा सोडलं. पुन्हा हजार वीस.

"झालं," डेल म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय, दोनदा सारखा आकडा आला की संपलं."

"पण त्याच पुस्तकात हजार दहाच्या आसपास म्हटलंय ना?" हायडीनं विचारलं.

"ते आसपास म्हणतात गं. प्रत्येक घरची वेगळी असते. बुडबुडेही थांबलेत, बघ."

"बाबांना विचारू या का?"

"तुझे बाबा? बिअरचं नाव काढलं की त्यांना गाडी आठवते."

हायडी हसली, आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

मी खरं तेच सांगितलं होतं. पण मला नुसता आकडा सांगता येतो, त्याचं कारण सांगता येत नाही. यीस्टचं खाणं संपलं नव्हतं, ते गारठून झोपलं होतं. बुधला उबेला नेऊन, हलकेच घुसळून, आणखी पंधरा दिवस वाट बघितली असती तर मी आपली खाली उतरले असते. पण पंधरा दिवस म्हणजे उत्सव हुकला. त्या भांड्यात मी ताठ उभी होते, डेल माझ्याकडे डोळे लावून बघत होता आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. इतकी असहाय मी त्या चौतीस वर्षांतही नव्हते.

रविवारी अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. फेसासाठी प्रत्येकीत थोडी साखर आणखी गेली. डेलनं बुचं ठोकली आणि पुस्तकात "उबेला ठेवा" म्हटलं होतं म्हणून दोन्ही क्रेट कुठे नेऊन ठेवली? सौनाच्या बाहेरच्या खोलीत, त्याच बाकाखाली. वर एक विजेचा हीटर लावला. हॅनकॉकला जानेवारीत ऊब म्हटलं की दुसरं काही सुचत नाही, त्यात त्याचा दोष नाही. मलाही पुसून वरच्या फळीवर ठेवलं. मी खाली पाहिलं आणि मला चौतीस वर्षांपूर्वीचा शनिवार आठवला.

हीटर आठवडाभर चालू होता. यीस्ट जागं झालं. बुधवारी डेलनं कौतुकानं एक बाटली उघडली, तर फेस त्याच्या कोपरापर्यंत आला.

"फेस बघ, हायडी," तो म्हणाला. "चारच दिवसांत. ट्रकवर सगळ्यांची तोंडं बंद होणार आहेत."

चार दिवसांत इतका फेस ही घाबरायची गोष्ट होती, पण पहिल्या खेपेला ते कुणाला ठाऊक असतं? शुक्रवारी दोन बुचं फुगलेली मला दिसली. मी बाटल्या मोजत बसले आणि शनिवारचे तास मोजत बसले.

कारण शनिवारी सगळं घर सौनाला येतं. आधी नात ॲनिका आणि तिची मुम्मु, म्हणजे आजी, वर्ना. तीन वर्षांची पोर त्याच बाकावर बसून मोजे काढते आणि उघडे पाय हलवत बसते. तिचे पाय क्रेटच्या बरोबर वर येतात.

शनिवारी दुपारी रूडी लाकडांची मोळी घेऊन शेगडी पेटवायला आला. आत गेला, पेटवून बाहेर आला, हातमोजे काढायला बाकावर बसणार इतक्यात त्याला क्रेट दिसली. तो बसला नाही. मागून डेल टॉवेल घेऊन येत होता.

"हे इथे कुणी ठेवलं?"

"मी. तळघरात गारठा आहे ना."

"बुधला तळघरातच होता?"

"हो. का?"

"आकडा किती होता, भरताना?"

"हजार वीस," डेल म्हणाला. "दोनदा घेतला. तीन दिवसांच्या अंतरानं, अगदी नियमानं."

रूडीचा चेहरा मला वरून नीट दिसत होता. या घरात त्या आकड्याचा अर्थ कळणारा तो एकटाच होता. त्यानं वाकून हीटरची वायर उपटली, आपला जाड कोट काढून क्रेटवर पसरला आणि डेलला दंडाला धरून बाहेर ढकललं.

"आज सौना नाही."

"का?"

"धुराडं तुंबलंय."

"मी सकाळी साफ केलंय."

"तुंबलंय म्हणतो ना."

रूडी दारात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला टेकून. मला त्याची पाठ दिसत होती. आतली शेगडी मात्र पेटलेली होती, मधली लाकडी भिंत तापत चालली होती आणि माझ्या खाली कोटाखाली सत्तेचाळीस बाटल्या होत्या.

"एक सांगा, रूडी," डेलचा आवाज चढला. "मी काही केलं की तुम्हाला का खुपतं? बिअर म्हटलं की उठून जाता. आता लोकांसमोर न्यायची वेळ आली तर धुराडं. मी तुमच्यातला नाही म्हणून ना?"

"तसं नाही."

"मग कसं?"

मित्रांनो, रूडीपुढे सोपी वाट होती. काहीबाही कारण काढायचं, शेगडी विझवायची, रात्रीतून बाटल्या बर्फात फेकायच्या. गुपित तसंच राहिलं असतं. पण डेल पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच करणार होता, तेही दुखावल्या मनानं, याला न विचारता. आणि खरं सांगितलं तर मुलीसमोर कबूल करावं लागणार होतं की तुझ्या आईचा डोळा माझ्या घाईनं गेला आणि जन्मभर मी तिला खोटं बोलायला लावलं.

तेवढ्यात अंगणातून ॲनिकाचे बूट वाजले. टॉवेल गळ्यात घालून ती पुढे आणि मागे वर्ना आणि हायडी.

"बाजूला हो ना, पापा," ती रूडीच्या मांड्यांमधून आत घुसायला बघत म्हणाली. आजोबाला ती पापा म्हणते. त्यानं तिला उचललं आणि हायडीच्या हातात दिलं.

"घरी घेऊन जा हिला. लगेच."

"काय झालंय, बाबा?"

"धुराडं..." रूडी म्हणाला.

"रूडी," वर्ना म्हणाली. एवढंच. तिनं त्याच्या खांद्यावरून आत बाकाखाली पाहिलं होतं.

रूडीचे हात चौकटीवरून खाली आले. "हायडी, आईचा डोळा ढलपीनं गेला नाही. बिअरच्या बाटलीनं गेला. मी भरलेल्या. मला घाई होती. ह्याच बाकाखाली होती ती." मग तो जावयाकडे वळला. "तुझं यीस्ट संपलं नव्हतं, डेल, झोपलं होतं. आता ते जागं झालंय. मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली."

हायडीनं पोरीला घरात पोचवलं आणि परत आली ती लाकूड फोडताना लावायचे दोन जाड चष्मे घेऊन. एक तिनं डेलला दिला. दुसरा बापाच्या हातात देताना म्हणाली, "लहानपणापासून कुऱ्हाड उचलली की मी हा लावते. त्या ढलपीच्या भीतीनं." तिचा आवाज कापत होता, रागानं. रूडीनं मान खाली घालून चष्मा लावला.

दोघांनी आधी शेगडीवर राख ओढली. मग क्रेटवर कोटावरून घोंगडी टाकली, एकेक क्रेट पोरीच्या घसरगाडीवर चढवलं आणि पावलापावलानं ओढत अंगणाच्या टोकाला नेलं. पहिलं नीट गेलं. दुसरं उंबऱ्यावरून उतरवताना घोंगडीखाली धप्प आवाज झाला. डेल जागच्या जागी थिजला. घोंगडीतून फेस झिरपू लागला.

"थांबू नकोस," रूडी म्हणाला. "चाल. हळू चाल."

बर्फात गारठवून दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी बुचं काढली आणि बिअर ओतून दिली. एका पेल्यातली हलवून वायू काढून रूडीनं मला त्यात सोडलं. हजार चौदा. बाटलीत बसून सहा आकडे उतरले होते. डेलनं तो आकडा वाचला, मला पुसलं आणि सासऱ्याला म्हणाला, "ॲनिका तिथे पाय हलवत बसली असती."

पण मला सांगायचंय ते शनिवारचंच. क्रेट बाहेर गेल्यावर मंडळी तशीच अंगणात उभी होती. हायडी आईला म्हणाली, "तू का गप्प बसलीस? एवढी वर्षं?"

"सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासाठी," वर्ना म्हणाली. "मग सवयीनं. आणि मला वाटलं, ती नळी तुम्हाला दिल्यावर ह्यानं कधीतरी डेलला सगळं शिकवलं असेल." मग ती नवऱ्याकडे वळली. "डोळ्याचं मी तुला कधीच माफ केलंय, रूडी. पण त्या दिवसापासून तू माझ्या उजव्या बाजूलाच बसतोस. जेवताना, गाडीत, चर्चमध्ये. तुला हा डोळा बघवत नाही म्हणून. मला डावीकडचं काही दिसत नाही. कुणीतरी बसायला हवं असतं, ते तिकडे."

रूडीनं राख बाजूला करून शेगडी पुन्हा पेटवली. संध्याकाळी सगळे सौनाला आले. बाहेरच्या बाकावर वर्ना बुटाची नाडी सोडायला बसली. रूडी आला, क्षणभर तिच्यासमोर घुटमळला आणि तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. वर्नानं मान वळवली नाही. नुसता हात त्या बाजूला सरकवला, तर तिथे त्याचा गुडघा होता.

उत्सवाला डेल रिकाम्या हातानं गेला. गड्यांनी व्हायची तेवढी थट्टा केली, त्यानं ऐकून घेतली. फेब्रुवारीत दोघांनी मिळून दुसरा बुधला भरला, उबदार स्वयंपाकघरात ठेवला. तारीख कुणालाही सांगितली नाही. पाच आठवडे मी उतरत राहिले. हजार अकरावर थांबले तेव्हा डेल बाटल्या धुवायला उठला, तर रूडी म्हणाला, "बस. अजून तीन दिवस." आणि डेल बसला.

तर मित्रांनो, माझ्यासारखी एखादी नळी तुमच्या घरी असेल तर तिला धुवा, पुसा, दोनदा विचारा. आकडा सारखा आला तरी तो तिथे का थांबलाय हे जाणत्याला विचारा, तारखेला विचारू नका. आणि त्या जाणत्याच्या हातून पूर्वी काही वाईट झालं असेल, तर त्यानं ते वेळेवर सांगून टाकावं. घरातली माणसं रागावतील, रडतील. पण त्याला वाटतं त्यापेक्षा ती पुष्कळ बरी असतात.